तरस सिंहाचं उष्टं खातो? बहुतेकदा उलटंच घडतं

‘सिंह शिकार करतो आणि तरस उरलंसुरलं खातो’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आफ्रिकेतल्या ठिपकेदार तरसाच्या बाबतीत हे साफ चूक आहे, आणि या बदनामीचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९६०च्या दशकात हान्स क्रूक या डच शास्त्रज्ञाने टांझानियातल्या सेरेंगेटी आणि गोरोंगोरो या जंगली प्राण्यांच्या संरक्षित प्रदेशांत रात्री गाडीतून तरसांचा माग काढला. तरसांचं बहुतेक अन्न त्यांनी स्वतः मारलेलं असतं, असं त्याला दिसलं. ते वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्याला पळवून पळवून दमवतात आणि कळपाने पाडतात. मग तरसांचा कालवा ऐकून सिंह येतो आणि शिकार हिसकावतो. गोरोंगोरोत हे वारंवार घडायचं. उजाडल्यावर पर्यटकांना काय दिसणार? सिंह जेवतोय आणि तरस भोवती ताटकळलेत. गैरसमज पसरला तो अशा दृश्यांमुळे.

तरस मेलेलं जनावर सोडत नाही, हेही खरंच. जाडजूड हाडंसुद्धा तो फोडून पचवतो, म्हणून त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते. पण जवळजवळ निव्वळ मृत जनावरांवर जगतात ती गिधाडं.

आपल्या महाराष्ट्रातला तरस मात्र वेगळा, पट्टेरी. तो मुख्यतः मेलेल्या जनावरांवरच जगतो. एकाची सवय दुसऱ्याला चिकटवू नका.