दहावीनंतर इंजिनीअरिंग की विमान क्षेत्र? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

दहावीचा निकाल लागला की 'सायन्स घे' इथपर्यंत घरात एकमत होतं. सायन्समध्ये गणित ठेवायचं की नाही, यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही. इंजिनीअरिंगची पदवी, पायलटचा परवाना, विमान देखभालीचा परवाना आणि एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दल, या चारही ठिकाणी बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित मागतात. अकरावीत गणित सोडून नुसतं जीवशास्त्र घेतलेल्या मुलाला हे पुढे फार महागात पडतं. द्विलक्षीचा (बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषयाचा) इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतला तरी हरकत नाही, फक्त भौतिक, रसायन, गणित हे तिन्ही विषय राहतात ना, एवढं फॉर्म लॉक करण्याआधी पाहून घ्या.

ज्यांना लवकर हातात काम हवं आहे त्यांच्यासाठी तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे, आणि माझ्या मते मुंबईत या वाटेची जेवढी कदर व्हायला हवी तेवढी होत नाही. दहावीत किमान ३५ टक्के असले की अर्ज करता येतो. प्रवेश परीक्षा नाही, गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. वांद्रे पूर्वेचं शासकीय तंत्रनिकेतन आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय इथे चुरस मोठी असते. अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर भरायचा, कागदपत्रं ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर जाऊन तपासून घ्यायची, मग तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी आणि शेवटी कॅप राउंडचा (केंद्रीभूत प्रवेश फेरीचा) पसंतीक्रम. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की होते, 'पुढच्या फेरीत बघू' म्हणता येत नाही. म्हणून जिथे खरोखर शिकायचं आहे तेच कॉलेज वर लिहा. डिप्लोमात ४५ टक्के (मागास प्रवर्गाला ४०) मिळाले की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

बारावीनंतरच्या पदवीसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. गणित १०० गुणांचं, भौतिक आणि रसायन मिळून १००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. विमानाची रचना करण्याचं इंजिनीअरिंग शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईत एरोस्पेसचा विभाग आहे. त्यासाठी जेईई मेन आणि ॲडव्हान्स्ड द्यावी लागते.

मुलं जास्त अडकतात ती कागदपत्रांपाशी. दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार ही घरात असतातच. वेळ लागतो तो वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्राला (बोलीत 'डोमिसाइल'), उत्पन्नाच्या दाखल्याला, जातीच्या दाखल्याला आणि नॉन-क्रिमीलेअरला (कुटुंब उन्नत गटात येत नसल्याचा दाखला). नॉन-क्रिमीलेअर शैक्षणिक वर्ष संपतं त्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं, मागच्या वर्षीचं असेल तर त्यावरची वैधतेची तारीख पाहा. पदवीसाठी राखीव जागा हवी असेल तर जात पडताळणीही लागते. तिचा अर्ज अकरावीतच टाका, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. कुलाबा ते माहीम-शीव हा मुंबई शहर जिल्हा, त्यापुढचं सगळं उपनगर जिल्ह्यात, आणि उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके. आपण कुठल्या तहसीलमध्ये येतो ते पाहून 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करा. निकालाच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, एप्रिलमध्ये काम निवांत होतं.

उत्पन्नाचा दाखला तर कुणीच टाळू नये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफीच्या जागा आणि राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. २०२४-२५पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. ती महाडीबीटी या शासकीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतः अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

आता विमान क्षेत्र. इथे पालकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा. 'एव्हिएशन डिप्लोमा' नावाचे बरेच कोर्स विमानतळावरच्या ग्राहकसेवेचे असतात. ते काम चांगलंच आहे, पण त्यातून परवाना मिळत नाही. विमान देखभाल इंजिनीअर व्हायचं तर संस्थेला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) कार-१४७ ही प्रशिक्षण संस्थांसाठीची मान्यता हवी. मान्य संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, तीत नाव दिसल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. भौतिक, रसायन, गणितासह बारावी ही पात्रता. बी-१ म्हणजे यांत्रिक बाजू, बी-२ म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक्स.

पायलटसाठी क्रम महत्त्वाचा. आधी वैद्यकीय, मग फी. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे क्लास २ तपासणी करून घ्या, पुढे क्लास १ लागते. चष्मा असणं हा अडथळा नाही, रंग ओळखण्यातला दोष मात्र स्वप्न मोडू शकतो आणि तो लाखो रुपये भरल्यावर कळू नये. याशिवाय डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर नोंदणी, परीक्षांसाठीचा कॉम्प्युटर नंबर, मग हवाई मार्गदर्शन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांचे पेपर. प्रत्येकात ७० टक्के लागतात. व्यावसायिक परवान्याला वय १८ पूर्ण आणि २०० तास उड्डाण हवं. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन विमान उतरवलं ते आपल्या जुहूलाच, पण आज उड्डाणाचे तास भरायला मुंबईबाहेर राहावं लागतं. तेव्हा खर्चात राहणं-जेवणही धरा. कॉमर्स झालेल्यांना एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) भौतिक आणि गणित देऊन येता येतं.

कॉम्प्युटर नंबरसाठी मार्कशीटची बोर्डाकडून पडताळणी लागते. मुंबई विभागाचं बोर्डाचं कार्यालय वाशीला आहे. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर आणि आधारवर नावाची मांडणी वेगळी निघते, कधी वडिलांच्या नावाचं स्पेलिंगच बदलतं. ही दुरुस्ती अकरावीच्या सुट्टीतच करून घ्या.