घास अडकतोय? पित्ताची गोळी बदलण्याआधी हे वाचा

“पित्ताची जरा स्ट्राँग गोळी द्या, आधीच्या गोळीनं फरक पडत नाही,” असं आमच्या मेडिकलमध्ये रोज कुणीतरी म्हणतं. त्याच बोलण्यात “भाकरीचा घास छातीत अडकतो, वरून पाणी प्यावं लागतं” हेही आलं, तर आम्ही गोळी न देता डॉक्टरांकडे जायला सांगतो. काहींना ते आवडत नाही. आम्ही असं का करतो ते इथे लिहिलं आहे.

नुसती जळजळ आणि आंबट ढेकर असतील, तर आधी गोळीची वेळ बघा. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या जेवणाआधी किंवा नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जेवणानंतर किंवा झोपताना घेतल्या, तर त्यांचा पुरता उपयोग होत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे 8 आठवडे नीट घेऊनही त्रास राहिला, तर कारण शोधायला हवं.

गिळायला त्रास होत असेल, तर मात्र 8 आठवडे थांबू नका. अन्ननलिका जेमतेम 25 सेंटीमीटरची. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं, की ती आतून सुजते, व्रण पडतात आणि मग आकसते. अशा वेळी आधी चपाती, मटण अडकतं, पुढे मऊ भात आणि शेवटी पाणीही. कॅन्सरची गाठ असली तरी क्रम हाच असतो. त्यात वजन उतरत असेल, तंबाखूची सवय असेल, तर याच आठवड्यात दाखवा.

पहिल्यापासून घास आणि पाणी दोन्ही अडकत असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप उघडतच नाही. याला अकॅलेशिया म्हणतात. अन्न तिथेच साचतं, आंबतं, रात्री आडवं झाल्यावर तोंडात येतं. माणसाला वाटतं पित्तच आहे. अशा माणसाची कित्येक वर्षं पित्ताच्या गोळ्यांत निघून जातात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

तपासणी बहुधा दुर्बिणीनं, म्हणजे एंडोस्कोपीनं सुरू होते. उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि काही मिनिटांत ती उरकते. रिपोर्ट नॉर्मल आला तरी घास अडकतच असेल, तर “बायॉप्सीसाठी तुकडे घेतले होते का?” हे जरूर विचारा. अ‍ॅलर्जीमुळे येणारी अन्ननलिकेची सूज दुर्बिणीतून दिसेलच असं नाही, ती अन्ननलिकेतून काढलेल्या या बारीक तुकड्यांच्या तपासणीत सापडते. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या तरुणांनी तर हे नक्की विचारावं.

त्यापुढे बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं द्रव, पाजून एक्स-रे काढतात. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे घोट गिळायला लावतात. त्यावरून स्नायूंचा जोर आणि झडप कळते. आम्ल खरंच किती वर येतं, हे 24 तासांच्या पीएच तपासणीत मोजतात. तिच्याआधी पित्ताची गोळी बहुधा 7 दिवस बंद ठेवावी लागते, पण ते डॉक्टरांना विचारूनच करा.

आणखी एक गोष्ट आमच्याच कपाटातली. डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठीची अ‍ॅलेन्ड्रोनेट, लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामकं घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं, की अन्ननलिकेत अडकतात आणि जखम करतात. पेलाभर पाणी घ्या आणि निदान अर्धा तास बसून राहा. ब्लडप्रेशरच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी झडप सैल पडून आम्ल वर येऊ शकतं. ही गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

घास अडकून थुंकीही गिळता येत नसेल, रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी शी झाली, किंवा छातीत दुखून घाम येत असेल, तर दुकानात येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून आमच्याकडे आणा, काढ्याच्या बाटल्यासुद्धा. कोणती, कधीपासून, कशाबरोबर, अशी यादी आम्ही कागदावर लिहून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.