उपग्रहाचा फोटो आणि रडारची प्रतिमा: दोन्ही एक नव्हेत

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे ते विचारतो. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपर्यंत चढलं, तेव्हा माझ्या शिरोळच्या मामांचा फोन आला. मी नकाशांचं काम करतो हे त्यांना ठाऊक. म्हणाले, "आरं, वरनं एवढे उपग्रह फिरत्यात, एक फोटू काढून सांगाय येत नाही व्हय, पाणी कुठवर आलंय?"

फोटो निघत नव्हता, कारण मधे ढग होते. पण प्रतिमा निघत होती. हा फरक त्या दिवशी फोनवर मामांना मला नीट सांगता आला नाही. तो सांगावा म्हणून हे लिहितोय, आणि आणखी एका कारणासाठी. आपल्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमानं किती प्रगती केली, याचा हिशोब मांडताना बहुतेक लेखांत सगळे उपग्रह एकाच पोत्यात भरले जातात. इतके सोडले, इतके यशस्वी झाले, आकडा मोठा आहे, संपलं. त्या पोत्यात दोन अगदी वेगळ्या जातीची यंत्रं आहेत. ती वेगळी काढली की हिशोबाचं उत्तरच बदलतं.

पहिली जात कॅमेऱ्याची. आपले रिसोर्ससॅट आणि कार्टोसॅट या जातीतले. सूर्याचा उजेड जमिनीवर पडतो, तिथून परततो, तो हे उपग्रह टिपतात. म्हणून ते साधारण सकाळी साडेदहाच्या सुमाराला आपल्यावरून जातील अशी त्यांची कक्षा ठरवलेली असते. ऊन पुरेसं असतं आणि दुपारचे ढग अजून चढलेले नसतात. हा कॅमेरा आपल्या डोळ्यापेक्षा थोडं जास्त पाहतो. हिरवं पान डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश भरभरून परतवतं. नकाशावाले तो लाल रंगात दाखवतात, म्हणून शिरोळचा भरात आलेला ऊस पडद्यावर लालभडक दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की रान पेटलंय. तिथे जितकं लाल गडद, तितकं पीक जोमात. पीक करपलं किंवा कीड पडली की लाली उतरते, आणि बऱ्याचदा बांधावर उभ्या माणसाच्या लक्षात यायच्या आधी ती उतरलेली दिसते.

या जातीतल्या चित्राला समजवून सांगावं लागत नाही. रस्ता रस्त्यासारखा दिसतो, तलाव तलावासारखा. अडचण एकच, पण ती आपल्यासाठी फार मोठी आहे. ढगाआडचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेलेल्या कार्टोसॅट-३ ला वरून पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपता येतो. जुलैतल्या आंबोलीवर मात्र त्यालाही ढगांचा पांढरा कापूसच दिसणार. खरिपाचं पीक उभं राहतं ते जून ते सप्टेंबरात, आणि कोकण-घाटमाथ्यावर कॅमेऱ्याचे सर्वांत वांझ महिनेही तेच.

(मोबाईलवर फिरणारं, महाराष्ट्रावर ढगांचा पट्टा दाखवणारं चित्र या दोन्हींपेक्षा निराळं. ते इन्सॅट मालिकेचं. हे उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर एकाच जागी थांबल्यासारखे असतात आणि त्यांचं कामच ढग पाहणं. त्यांचा विषय इथे नको.)

दुसरी जात रडारची. रडार सूर्यावर अवलंबून नाही. ते स्वतः सूक्ष्मलहरींचे ठोके जमिनीकडे तिरके सोडतं आणि परत आलेला पडसाद मोजतं. या लहरी काही सेंटिमीटर लांबीच्या असतात, ढगातले बारीक थेंब त्यांना अडवू शकत नाहीत. त्यामुळे रात्र असो, ढग असो, रडारला फरक पडत नाही. अंधारात हाळी घालून दरीची रुंदी ओळखावी, तसा हा प्रकार. पण म्हणूनच ती प्रतिमा फोटो नसते. तिच्यातला पांढरा-काळा रंग उजेडाचा नसून पडसादाचा असतो.

नरसोबाच्या वाडीची पुरातली रडार प्रतिमा डोळ्यांसमोर आणा. कृष्णा आणि पंचगंगा मिळतात तिथे, एरवी दोन काळ्या रेघा जुळाव्यात तिथे, काळं सरोवर पसरलेलं असतं. शांत पाणी आरशासारखं वागतं. तिरका आलेला ठोका ते पलीकडे फेकून देतं, उपग्रहाकडे काहीच परतत नाही, म्हणून काळं. शेजारची जमीन खडबडीत, पडसाद चहूकडे विखुरतो, त्यातला थोडा परत येतो, म्हणून राखाडी. गावातल्या भिंती आणि जमीन यांच्या काटकोनातून ठोका थेट मागे फिरतो, म्हणून गाव चमकणाऱ्या ठिपक्यांसारखं दिसतं. वाडीत पुराचं पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला जातात. पूर किती चढला याची गावाची ती जुनी खूण. वरून पाहणाऱ्याला तीच गोष्ट काळ्या डागाच्या काठावरून कळते, आकाश कितीही भरलेलं असलं तरी.

इथवर ऐकलं की वाटतं, मग रडारच बरं, कॅमेरा कशाला. पण ही प्रतिमा वाचायला शिकावं लागतं, आणि शिकलेलाही चुकतो. उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी गुळगुळीत, तीही काळी. न शिकलेला तिथे पूर आला म्हणेल. म्हणून पुराआधीची प्रतिमा शेजारी ठेवून, जे नव्यानं काळं झालं तेवढंच धरायचं असतं. गगनबावड्याकडे घाट सुरू झाला की आणखी गोंधळ. रडार तिरकं पाहत असल्यानं त्याच्याकडे तोंड केलेला डोंगरउतार प्रतिमेत त्याच्या बाजूला कलंडल्यासारखा दिसतो आणि पाठीमागचा उतार सावलीत जातो. ती सावलीही काळी, तिथे पाण्याचा थेंब नसला तरी.

आणि सर्वांत अवघड, तो म्हणजे आपला ऊस. पुरुषभर उंच उसात कमरेएवढं पाणी शिरलं तर वरचा पाला कोरडाच राहतो. आपल्या रडार उपग्रहांचा मुख्य पट्टा आहे सी-बँड, लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. ही लहर बरीचशी पाल्यातच अडकून परतते. खाली पाणी आहे याचा तिला पत्ता लागत नाही आणि नकाशात ते रान कोरडं दाखवलं जातं. लांब लहर, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटरची एल-बँड, पाल्यातून खाली उतरते, पाण्यावर आदळून उसाच्या कांड्यावर आपटते आणि जोरात परत येते. त्यामुळे तिच्या प्रतिमेत बुडालेला ऊस काळा नाही, उलट लख्ख पांढरा दिसतो. पाणी एकच असलं तरी लहर बदलली की रंग उलटा होतो. पुराच्या पंचनाम्याला हे नकाशे लावायचे असतील, तर मोठा पेच इथेच आहे.

भातशेतीत मात्र रडारची ताकद निर्विवाद दिसते. लावणीच्या वेळी खाचरात पाणी साचलेलं, प्रतिमा काळी. रोप वाढत गेलं की तीच खाचरं आठवड्यागणिक उजळत जातात. काळ्याकडून उजळाकडे जाण्याची ही चाल भाताची ओळखखूण. भाताखाली किती क्षेत्र आहे ते पावसाळ्यातच अशा चालीवरून काढता येतं. कॅमेऱ्याच्या भरवशावर राहिलं तर ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं.

आता हिशोबाकडे. कॅमेऱ्याच्या बाजूनं आपली वाटचाल खरोखर अभिमानाची आहे. १९७९ चा भास्कर हा प्रयोग होता. १७ मार्च १९८८ ला बैकोनूरहून रशियन अग्निबाणानं गेलेला आयआरएस-१ए हा कामाचा पहिला उपग्रह. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर साडेबहात्तर मीटरचा होता, म्हणजे आपली एक-दोन एकरांची शेतं एका ठिपक्यात विरघळून जात. २०११ चा रिसोर्ससॅट-२ आणि २०१६ चा रिसोर्ससॅट-२ए यांच्यावर तीन कॅमेरे आहेत. ५६ मीटरच्या ठिपक्याचा रुंद, २३.५ मीटरचा मधला आणि ५.८ मीटरचा बारीक. पीक-अंदाज, दुष्काळाची पाहणी, पडीक जमिनींचे नकाशे, असं कितीतरी सरकारी काम या कॅमेऱ्यांवर उभं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं शादनगरचं स्थानक त्यांची माहिती उतरवून घेतं, आणि महाराष्ट्रापुरतं हे काम नागपूरचं राज्य सुदूर संवेदन उपयोजन केंद्र पाहतं. पण या मालिकेकडेही तारखा लावून बघायला हवं. पाच वर्षांच्या आयुष्यासाठी बांधलेले दोन्ही उपग्रह त्याहून कितीतरी जास्त राबले, आणि २०२५ संपेपर्यंत त्यांचा वारस कक्षेत गेलेला नव्हता. जुना बैल चांगला ओढतोय म्हणून नवा घ्यायचा राहून जातो, तसं इथे होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रडारच्या बाजूची कहाणी उशिरा सुरू होते आणि मधेच तुटते. २००९ मध्ये गेलेला रिसॅट-२ इस्रायली रडारवर चालणारा होता. आपण स्वतः बांधलेलं सी-बँड रडार वर गेलं २६ एप्रिल २०१२ ला, रिसॅट-१ च्या रूपानं. वजन १,८५८ किलो. तोवर पीएसएलव्ही या इस्रोच्या अग्निबाणानं उचललेला तो सर्वांत जड उपग्रह होता. शेजारी रिसोर्ससॅट-२ ठेवा, तो बाराशे किलोंचा. रडारला स्वतःचा 'उजेड' स्वतः तयार करावा लागतो, त्यासाठी वीज लागते, कित्येक मीटर लांब अँटेना लागते. रडार उपग्रह संख्येनं कमी का, याचं निम्मं उत्तर या वजनात आहे.

२०१६ संपता संपता रिसॅट-१ ची सेवा थांबली. त्याच जातीचा पुढचा उपग्रह, ईओएस-०४, गेला १४ फेब्रुवारी २०२२ ला. मधली पाच वर्षं मोजा. २०१८ चा केरळचा पूर आणि २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, दोन्ही त्यातच आले. त्या काळात २०१९ आणि २०२० मध्ये एक्स-बँडचे, म्हणजे सी-बँडहून आखूड लहरीचे, तीन छोटे रडार उपग्रह आपण सोडले, पण सगळ्यांना नियमित वापरता येईल अशी एका फेरीत जमिनीचा रुंद पट्टा टिपणारी, ठरावीक दिवशी येणारी माहिती ही वेगळी चीज. तिच्यासाठी आपल्याकडचे अभ्यासक युरोपच्या सेंटिनेल-१ वर विसंबले, कारण ती माहिती कुणालाही मोफत मिळते. मामांना मी नंतर पाठवलेला नकाशासुद्धा त्याच उपग्रहाच्या प्रतिमेवरून केलेला होता.

ही फट बुजवायला ईओएस-०४ च्या जोडीला ईओएस-०९ येणार होता. १८ मे २०२५ च्या पहाटे श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६१ उडालं, तिसऱ्या टप्प्यात दाब घसरला आणि उपग्रह हातचा गेला. बातम्यांत हे एका प्रक्षेपणाचं अपयश म्हणून आलं. पोतं सुटं करून पाहिलं तर नुकसान अधिक नेमकं दिसतं. पाऊस तोंडावर आलेला, आणि पावसात पाहू शकणारा उपग्रह गमावला. बारा कॅमेरे वर असते तरी ती जागा भरून निघाली नसती.

त्यानंतर अडीच महिन्यांत, ३० जुलै २०२५ ला, निसार कक्षेत गेला. नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड (सी आणि एल यांच्या मधल्या लांबीच्या लहरीचं) अशी दोन रडारं एकाच उपग्रहावर, आणि त्यांच्यासाठी १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना, जी ऑगस्टमध्ये अंतराळात छत्रीसारखी उघडली. दर १२ दिवसांनी तो त्याच जागी त्याच कोनातून परत येतो. दोन फेऱ्यांतल्या पडसादांची तुलना करून जमीन किती सरकली ते सेंटिमीटरच्या पातळीवर सांगता येतं. माळीणसारख्या दुर्घटनांनंतर आपल्याकडे ज्या उतारांची काळजी वाटते, त्यांच्यातली सावकाश सरकण मोजायला, गर्द झाडीतही, एल-बँड सी-बँडपेक्षा सरस. एका रात्रीत कोसळणारी दरड मात्र दोन फेऱ्यांच्या मधे पडू शकते, हे विसरून चालणार नाही.

पुराचंही तसंच. रडारला ढग अडवत नाहीत, पण पूर रडारची वाट पाहत नाही. पंचगंगेचं पाणी चढून ओसरायला आठ-दहा दिवस लागतात. उपग्रह नेमका चढावर आला तर नकाशा खरा, ओसरल्यावर आला तर अर्धा. त्यावर उपाय एकच, सारख्या जातीची रडारं एकापेक्षा जास्त, वेळा वाटून घेतलेली. म्हणून पुढच्या वेळी कुणी कार्यक्रमाचा आढावा मांडला तर मी एकूण संख्या बघणार नाही. जुलैमध्ये शिरोळवरून आपलं रडार किती दिवसांआड जातं, प्रतिमा किती तासांत तहसीलदाराच्या टेबलावर पोचते, आणि चालू उपग्रह थकायच्या आत त्याचा वारस तयार आहे का, एवढं विचारीन. माहिती खुली करण्याच्या बाबतीत पाऊल पुढे पडलंय. २०२३ च्या अंतराळ धोरणानुसार पाच मीटर किंवा त्याहून जाड तपशिलाची माहिती सर्वांना मोफत आहे, आणि भूनिधी या पोर्टलवरून ती उतरवून घेता येते.

गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो तेव्हा लॅपटॉपवर त्यांच्याच मळ्याची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, एक फेब्रुवारीतला लालभडक फोटो आणि एक पुरातली काळी-राखाडी प्रतिमा. त्यांनी चष्मा लावला, बोटानं बांध शोधला आणि राखाडी भागावर बोट ठेवून म्हणाले, "हितं कोरडं दावतंय. पर हितं छातीएवढं पाणी हुतं." तो उसाचाच तुकडा होता.