दोन दिव्यांची बेरीज

छायाचित्रण शिकणाऱ्याला सुरुवातीला स्टिल लाइफ, म्हणजे न हलणाऱ्या वस्तू मांडून घेतलेलं चित्र, करायला देतात, तेव्हा कारण सांगितलं जातं ते सोयीचं. वस्तू कंटाळत नाही, डोळे मिटत नाही, उशिरा येत नाही. विज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर ही सोय फार मोठी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं सगळं जसंच्या तसं ठेवायचं, ही कुठल्याही चांगल्या प्रयोगाची पहिली अट. खेळाच्या मैदानावर किंवा जंगलात छायाचित्रकाराला ती पाळता येत नाही. टेबलावर मांडलेली काचेची बाटली, धातूचा चमचा आणि पांढरा कप यांच्यासमोर ती सहज पाळता येते. दिवा वीतभर सरकवायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही, आणि काय बदललं ते पाहायचं.

छायाचित्रणाचा आरंभही न हलणाऱ्या वस्तूंपासूनच झाला, पण तो नाइलाजाने. १८३७ मध्ये फ्रेंच संशोधक लुई दागेरने प्लास्टरच्या प्रतिकृती आणि इतर वस्तू मांडून एक चित्र घेतलं. त्या काळच्या रसायनांना प्रकाश टिपायला इतका वेळ लागे की हलणारं काहीही उमटत नसे. पुढच्याच वर्षी त्याने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं, त्यात घोडागाड्या आणि गर्दी जवळपास पूर्ण नाहीशी झाली. बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस तेवढा उमटला. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने चिनी मातीच्या भांड्यांची कपाटं टिपली आणि १८४४ मध्ये ते चित्र छापताना सुचवलं, की भांडी चोरीला गेली तर हे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून दाखवता येईल.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं स्टिल लाइफ एका रेशमी फितीचं आहे. १८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चौकटींच्या स्कॉटिश फितीची तीन कृष्णधवल छायाचित्रं दाखवली. छायाचित्रकार थॉमस सटनने ती लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांमधून (फिल्टरमधून) एकामागून एक घेतली होती. तीन प्रोजेक्टरवर त्याच रंगांच्या गाळण्या लावून तिन्ही चित्रं पडद्यावर एकावर एक पाडली आणि फीत रंगीत दिसली. गंमत अशी की त्या वेळची रसायनं लाल प्रकाशाला जवळपास आंधळी होती, तेव्हा हा प्रयोग जमायलाच नको होता. १९६१ मध्ये कोडॅकच्या संशोधकांनी त्याचा उलगडा केला: फितीतला लाल रंग अतिनील किरणही परतवत असावा आणि लाल गाळणीतून ते किरण पार होत होते. म्हणजे मॅक्सवेलचं ‘लाल’ चित्र बऱ्याच अंशी अतिनील होतं. चुकीच्या कारणाने बरोबर आलेला इतका देखणा प्रयोग विज्ञानात क्वचितच सापडतो.

फीत जागेवर राहिली म्हणून तिचा प्रकाश तुकड्यातुकड्यांनी टिपता आला आणि नंतर जोडता आला. आजचा विद्यार्थी संपादनाच्या सॉफ्टवेअरसमोर बसून नेमकं हेच करू शकतो.

त्याआधी संपादनाला काय जमत नाही ते पाहू. दिव्याचं स्वरूप ठरवणाऱ्या तीन गोष्टी आहेत: दिशा, अंतर आणि वस्तूच्या जागेवरून दिसणारा आकार. आकार मोठा असेल तर सावलीची कड विरघळत जाते, कारण कडेच्या पट्ट्यातल्या बिंदूंना दिव्याचा काही भाग दिसतो आणि काही भाग झाकलेला असतो. सूर्य प्रचंड आहे, पण आकाशात तो जेमतेम अर्धा अंश भरतो. म्हणून उन्हातली सावली करकरीत असते. उलट टेबलापासून हातभर अंतरावरचा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडामागे दिवा असलेली पेटी) कपाला सूर्याच्या कितीतरी पट मोठा दिसतो.

अंतराचा हिशेब अधिक रंजक. छोट्या दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिवा कपापासून ५० सेंटिमीटरवर आणि मागची बाटली दिव्यापासून १ मीटरवर असेल, तर बाटलीला कपाच्या एक चतुर्थांश उजेड मिळतो. तोच दिवा मागे नेऊन कपापासून २ मीटरवर ठेवला की बाटली २.५ मीटरवर येते आणि तिला कपाच्या ६४ टक्के उजेड मिळतो. पार्श्वभूमी काळोखात बुडवायची की उजळ ठेवायची, हे पडदा न बदलता नुसत्या दिव्याच्या अंतराने ठरवता येतं. सॉफ्टबॉक्ससारख्या मोठ्या दिव्याला हा नियम अगदी जवळून काटेकोर लागू होत नाही, पण कल कळायला तो पुरतो.

छायाचित्र घेतल्यानंतर फाइलमध्ये उरतात ते आकडे. प्रत्येक पिक्सेलवर किती प्रकाश पडला एवढंच त्यांत असतं. कुठल्या दिव्याचा किती, हे नसतं. दोन दिवे लावून घेतलेल्या चित्रातला डावा दिवा मंद करायचा तर सॉफ्टवेअरला अंदाजच करावा लागतो. एआयवर चालणारी नवी साधनं हा अंदाज फार सफाईने करतात, पण तो अंदाजच. शिकणाऱ्याने त्यांच्या नादी लागण्याआधी पुढचा प्रयोग करून पाहावा असं मला वाटतं, कारण यात अंदाज करायची वेळच येत नाही.

खोलीत अंधार करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, सगळं मॅन्युअलवर: अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल). बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून टायमर लावा. आधी फक्त डावा दिवा लावून एक चित्र घ्या, मग फक्त उजवा लावून दुसरं, मग दोन्ही लावून तिसरं. एक्स्पोजर असं ठेवा की तिसऱ्या चित्रातही कुठे प्रकाश सेन्सरच्या मर्यादेबाहेर जाणार नाही. आता पहिली दोन चित्रं सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांत मिळवली तर तिसरं मिळायला हवं. प्रकाशाची बेरीज होते: डाव्या दिव्याचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, उजव्याच्या फोटॉनना अडवत नाहीत, आणि सेन्सरही मर्यादेच्या आत जेवढे पडले तेवढे प्रामाणिकपणे मोजतो.

कॅमेऱ्याने आधीच प्रक्रिया करून दिलेली जेपेग फाइल घेऊन ही बेरीज केली की मात्र चित्र भगभगीत पांढरं येतं. इथे विज्ञान बिघडलेलं नसतं, आकडे वेगळ्या भाषेत असतात. आपला डोळा अंधारातले बारीक फरक चटकन टिपतो आणि उजेडातल्या तेवढ्याच फरकांकडे दुर्लक्ष करतो. म्हणून ८ बिटच्या फाइलमधल्या २५६ पायऱ्या अंधाराच्या बाजूला जास्त दिलेल्या असतात. एसआरजीबी या रूढ पद्धतीत कमाल प्रकाशाच्या १८ टक्के प्रकाशाला ११८ हा आकडा मिळतो, ४६ नव्हे. आता कपाच्या एका जागेवर डाव्या दिव्याचा १८ टक्के आणि उजव्याचाही १८ टक्के प्रकाश पडत असेल, तर एकूण ३६ टक्के. त्याचा आकडा १६२. फाइलमधले आकडे सरळ मिळवले तर ११८ अधिक ११८ म्हणजे २३६ येतात, आणि २३६ चा अर्थ होतो सुमारे ८४ टक्के प्रकाश. बेरीज करायची तर आकडे आधी रेषीय रूपात आणावे लागतात, म्हणजे जिथे दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा असतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ आकड्यांच्या फाइलमध्ये, ते मुळातच तसे असतात, आणि १४ बिटच्या रॉमध्ये पायऱ्याही १६,३८४ असतात. रॉ फाइलवरून रेषीय, ३२ बिटचं चित्र तयार करून लेयरचा (एकावर एक ठेवलेल्या चित्रांपैकी एका थराचा) मोड ‘अ‍ॅड’ ठेवला की बेरीज जुळते.

इथून पुढे मजा आहे. प्रत्येक दिवा स्वतंत्र लेयरवर असेल तर त्या लेयरला ०.५ ने गुणणं म्हणजे तो दिवा निम्मा करणं. हे निम्मं ‘केल्यासारखं’ नाही. खरोखर निम्मा दिवा लावून घेतलेल्या चित्रात आणि यात फरक फक्त नॉइजचा, म्हणजे चित्रातल्या कणीदारपणाचा. पाच दिवे पाच जागी लावून पाच चित्रं घेतली, तर प्रकाशयोजना नंतर खुर्चीत बसून ठरवता येते. रंगाचंही तेच. टंगस्टनचा दिवा सुमारे ३,००० केल्विनचा आणि दिवसाचा उजेड सुमारे ५,५०० केल्विनचा (केल्विन हे इथे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर). दोन्ही एकत्र असलेल्या खोलीत व्हाइट बॅलन्सच्या एका स्लायडरने काहीच धड होत नाही. एक बाजू सुधारावी तर दुसरी निळी किंवा नारिंगी पडते. वेगवेगळ्या लेयरवर असतील तर प्रत्येकाच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांना वेगळे गुणक देता येतात आणि दोन्ही दिवे एका रंगाचे होतात. अर्थात दिव्यात जी तरंगलांबी मुळातच नाही ती गुणून येत नाही. जुन्या कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा बहुतेक सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्याखाली लाल आणि हिरवं कापड शेजारी ठेवलं तर फरक उरतो तो उजळपणाचा. शून्याला कशानेही गुणा.

बेरीज जमते तर वजाबाकीही जमते. वस्तूवरून येणारा प्रकाश दोन प्रकारचा असतो. काही पृष्ठभागावरूनच उसळून येतो, ती चमक. काही आत शिरून, विखरून, वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो. दिव्यावर पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी, फिल्म लावली आणि लेन्सवरचा पोलरायझर तिच्याशी काटकोनात फिरवला, की चमक जवळपास गायब होते, कारण उसळलेला प्रकाश आपलं ध्रुवीकरण टिकवतो आणि आतून आलेला ते गमावतो. लेन्सवरचा पोलरायझर समांतर करून दुसरं चित्र घ्यायचं आणि त्यातून पहिलं वजा करायचं. उरते ती नुसती चमक: काळ्या पार्श्वभूमीवर कपाच्या कडेची एक रेघ, बाटलीच्या खांद्यावरचा एक ठिपका. एकदा ही लेयर हाती आली की कप मॅट हवा की चकचकीत, हे स्लायडरवर ठरतं. चमच्याचं मात्र वेगळं. धातूत प्रकाश आत शिरून विखरत नाही, त्याच्याकडे चमकेशिवाय काही नसतंच. म्हणून काटकोनाच्या चित्रात तो जवळपास काळा पडतो. दिव्याला फिल्म न लावता फक्त लेन्सवर पोलरायझर लावणाऱ्यांनी काचेसाठी ५६ अंशांचा कोन लक्षात ठेवावा. काचेला लंब असलेल्या रेषेपासून मोजलेला. डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ मध्ये मांडलेल्या नियमातून तो येतो, आणि त्या कोनात काचेवरचं प्रतिबिंब सर्वांत चांगलं कापलं जातं.

नॉइजचा उल्लेख वर आला. पावसाच्या सुरुवातीला शेजारच्या दोन फरश्यांवर कधीच सारखे थेंब पडत नाहीत, तसे शेजारच्या दोन पिक्सेलवर सारखे फोटॉन पडत नाहीत. सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर चढउतार सुमारे १० चा असतो, १०,००० पडणार असतील तर १०० चा. म्हणजे पहिल्यात १० टक्के गोंधळ, दुसऱ्यात १ टक्का. हा दोष कॅमेऱ्याचा नाही, प्रकाशाच्या कणरूपाचा आहे, त्यामुळे महाग कॅमेऱ्यानेही सुटका नाही. वस्तू हलत नसेल तर एकच चित्र १६ वेळा घेऊन सरासरी काढावी. नॉइज एक चतुर्थांश होतो. खगोलछायाचित्रकार हेच करतात, त्यांना फक्त ताऱ्यांच्या मागे फिरावं लागतं.

फोकस स्टॅकिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या फोकसची चित्रं जोडण्याबद्दल, थोडक्यात. पुढून मागपर्यंत सगळं स्पष्ट हवं म्हणून विद्यार्थी अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत मिटवतात (एफपुढचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). पण वस्तू सेन्सरवर मूळ आकाराची उमटेल इतक्या जवळून चित्र घेताना एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ सारखं वागतं, आणि विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, प्रत्येक बिंदूची सुमारे ५९ मायक्रोमीटरची चकती होते. ३६ मिलिमीटर रुंद, २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर पिक्सेल ६ मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे एक बिंदू जवळजवळ १० पिक्सेल व्यापतो. त्यापेक्षा एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवून फोकस थोडा थोडा पुढे सरकवत चित्रं घ्यावीत आणि प्रत्येकातला रेखीव भाग सॉफ्टवेअरला उचलू द्यावा. पुढच्या वस्तूच्या कडेपाशी धुरकट वलय राहतं, ते हाताने साफ करावं लागतं. यात बेरीज नाही, निवड आहे, आणि म्हणूनच चुका जास्त.

फोनवर हे प्रयोग करणाऱ्यांना एक अडचण येईल. फोनचा कॅमेरा बटण दाबताच स्वतःच अनेक चित्रं जोडतो, अंधारे भाग उचलतो, उजळ भाग दाबतो, आणि तेही चित्राच्या प्रत्येक कोपऱ्यात वेगवेगळ्या प्रमाणात. मग आकडे रेषीय राहत नाहीत. मॅन्युअल एक्स्पोजर आणि रॉ देणारं अ‍ॅप वापरलं तर बरंचसं निभावतं, तरी काही फोनची रॉ फाइलही आधीच अनेक चित्रं जोडून बनवलेली असते.

आपला कॅमेरा आणि आपली खोली बेरजेच्या लायकीची आहे का, हे तपासायला ते तिसरं चित्र लागतं. डाव्या आणि उजव्या दिव्याच्या चित्रांची बेरीज करा, त्यातून दोन्ही दिव्यांचं चित्र वजा करा आणि जे उरेल ते भरपूर उजळवून पाहा. नुसता कणीदार नॉइज उरला तर सगळं ठीक. वस्तूंच्या कडा रेखाटल्यासारख्या दिसल्या तर कॅमेरा किंवा टेबल हललं. बाकी काळं राहून केवळ चमकत्या जागा उरल्या तर तिसऱ्या चित्रात तिथे सेन्सरची मर्यादा ओलांडली गेली. आणि वस्तूंचं एक मंद पण पूर्ण चित्रच उरलं, तर खोलीत आणखी एक प्रकाश होता: तो बेरजेत दोनदा मोजला गेला आणि तिसऱ्या चित्रात एकदाच. या उरलेल्या चित्रातल्या सावल्या त्या प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला पडलेल्या असतात, त्यामुळे तो कुठून येतोय हे शोधायला वेळ लागत नाही. बऱ्याचदा तो शेजारी उघडा ठेवलेला लॅपटॉप असतो.