सोर्ड ऑफ शेरवुड फॉरेस्ट

रॉबिन हुड या दंतकथेतील मध्ययुगीन इंग्रज लुटारूच्या जीवनावर बेतलेला ब्रिटिश रंगीत साहसपट (१९६०). निर्मिती हॅमर फिल्म्सची, वितरण कोलंबियाचे. दिग्दर्शन टेरेन्स फिशर, पटकथा ॲलन हॅकनी, छायाचित्रण केन हॉजेस आणि पार्श्वसंगीत वेल्श संगीतकार ॲलन हॉडिनॉट यांचे. लांबी सुमारे ८० मिनिटे. नायक रिचर्ड ग्रीन हे सिडनी कोल यांच्या जोडीने चित्रपटाचे निर्मातेही होते.

चित्रपटाचे मूळ दूरचित्रवाणीत आहे. १९५५ पासून ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर आणि अमेरिकेत सीबीएसवर दाखवल्या गेलेल्या रॉबिन हुडवरील मालिकेचे १४३ भाग झाले आणि तिने ग्रीन यांना घरोघरी पोहोचवले. मालिका कृष्णधवल होती. निर्मात्या हॅना वाइनस्टीन यांनी साम्यवादी असल्याच्या संशयावरून हॉलिवुडच्या काळ्या यादीत गेलेल्या रिंग लार्डनर (धाकटे) आणि इयन मॅक्लेलन हंटर यांच्यासारख्या लेखकांकडून टोपणनावांनी पटकथा लिहवून घेतल्या. श्रीमंतांकडून लुटून गरिबांना वाटण्याच्या कथा अशा लेखकांच्या हातून उतरल्या, याकडे अभ्यासक आवर्जून लक्ष वेधतात. नेपथ्य चाकांवर ठेवण्याची पद्धतही तिथलीच : दगडी खांब, चुलाणे, जिन्याचा तुकडा ढकलत आणायचे आणि त्याच जागेत आज किल्ला, उद्या मठ उभा करायचा. फिशर यांनी मालिकेचे काही भाग दिग्दर्शित केले होते. चित्रपटात मात्र ग्रीन सोडून प्रमुख नटसंच बदलला. रॉबिनची प्रेयसी मॅरियन सेरा ब्रांच, त्याचा साथीदार लिटल जॉन नायजेल ग्रीन, टोळीतला भिक्षू फ्रायर टक नील मॅकगिनिस, नॉटिंगहॅमचा शेरीफ (राजाचा परगण्यातील अधिकारी) पीटर कुशिंग, तर न्यूअर्कचा अर्ल (उमराव) रिचर्ड पास्को यांनी साकारला. गायक डेनिस लोटिस टोळीतला गवई ॲलन-अ-डेल झाले.

कथानक साधे आहे. रॉबिनच्या हाती एक जखमी माणूस लागतो आणि त्यातून कारस्थानाचा धागा सापडतो. क्रुसेडवर (ख्रिस्ती धर्मयुद्धात) मरण पावलेल्या एका सरदाराची बॉट्री येथील जहागीर बळकावून तिथे तटबंदी करण्याचा न्यूअर्कचा डाव असतो. कँटरबरीचे आर्चबिशप (इंग्लंडमधील सर्वोच्च धर्माधिकारी) ह्यूबर्ट वॉल्टर (जॅक ग्विलिम) आड येतात, तेव्हा त्यांचा काटा काढायचे ठरते. या कामासाठी न्यूअर्कला पट्टीचा तिरंदाज हवा असतो आणि निवड नेमकी रॉबिनची होते.

स्थळ-काळाचा प्रश्न इथे नेहमीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. बॉट्री हे गाव नॉटिंगहॅमशर आणि यॉर्कशर यांच्या सीमेवर, उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर वसलेले आहे. सर्वांत जुन्या दीर्घ कथागीतात (छापील प्रती इ. स. १५०० च्या आसपासच्या) रॉबिनचा वावर प्रामुख्याने यॉर्कशरमधील बार्न्सडेल परिसरात आहे आणि वाटसरू ‘ब्लाइद किंवा डॉन्कास्टर’ येथे जेवायला निघालेला दिसतो. बॉट्री या दोन गावांच्या मधोमध येते. रॉबिनचे अरण्य नॉटिंगहॅमशरमधील शेरवुड की बार्न्सडेल या वादात पटकथेने नकळत मधली जागा धरली, असे म्हणता येईल.

काळाबाबत मतभेद अधिक आहेत. स्कॉटिश इतिवृत्तकारांपैकी अँड्र्यू ऑफ विंटन (सु. १४२०) रॉबिनची नोंद १२८३ खाली करतो, तर वॉल्टर बॉवर (१४४० चे दशक) त्याला १२६६ च्या सरदारांच्या बंडाशी जोडतो. उपरोक्त कथागीतात राजा ‘एडवर्ड’ आहे. कितवा, ते सांगितलेले नाही. रिचर्ड पहिला (सिंहहृदय) याच्या काळाशी सांगड प्रथम जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने १५२१ मध्ये घातली, तीही केवळ आपला तर्क म्हणून. रॉबिनला अर्लपद मिळाले ते त्यानंतर, १५९८ मधील अँथनी मंडे याच्या नाटकांतून. संशोधक जोसेफ हंटर यांनी १८५२ मध्ये वेकफील्डचा, दुसऱ्या एडवर्डच्या काळातला (१३०७-२७) रॉबर्ट हुड पुढे आणला. परंतु १२६२ च्या एका नोंदीत लेखनिकाने एका फरारी गुन्हेगाराचे आडनाव बदलून ‘रोबहुड’ असे लिहिले आहे. म्हणजे तोवर हे नाव लुटारूची ओळख बनले असावे. ते ध्यानात घेता हंटर यांचा उमेदवार उशिराचा ठरतो. यॉर्कच्या १२२५-२६ च्या न्यायालयीन नोंदींतील ‘रॉबर्ट हॉड, फरारी’ हा इतिहासकार जे. सी. होल्ट यांना अधिक संभाव्य वाटतो आणि तूर्त तेच मत सयुक्तिक दिसते.

चित्रपट अर्थातच मेजरच्या बाजूचा आहे. त्यातील ह्यूबर्ट वॉल्टर ही व्यक्ती ऐतिहासिक असल्याने काळ बराचसा नेमका ठरवता येतो. ते ११९३ ते १२०५ आर्चबिशप होते. ११९३ ते ११९८ या काळात मुख्य न्यायाधिकारी म्हणून, राजा परदेशी असताना, राज्यकारभारही तेच पाहत. म्हणजे कथा ११९४ नंतरच्या चार-पाच वर्षांतली मानावी लागते. मात्र याच वॉल्टर यांनी ११९५ मध्ये फर्मान काढले, की पंधरा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाने शांतता राखण्याची, लुटारूंना थारा न देण्याची आणि हाळी उठताच त्यांच्या पाठलागात सामील होण्याची शपथ घ्यावी. पुढच्याच वर्षी लंडनच्या गरिबांचा कैवारी म्हणवणाऱ्या विल्यम फिट्झऑस्बर्टला चर्चमध्ये आसरा घेतलेला असताना त्यांनी धूर करून बाहेर काढवले आणि फासावर दिले. जुन्या कथागीतात तर रॉबिन आपल्या साथीदारांना बजावतो, की बिशप-आर्चबिशप सापडले तर बडवा आणि बांधून घाला. असा रॉबिन अशा आर्चबिशपच्या प्राणरक्षणासाठी तलवार उपसतो, ही या पटकथेची सर्वांत मोठी मोकळीक होय. समीक्षकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

चित्रीकरण आयर्लंडमध्ये, ब्रे येथील आर्डमोर स्टुडिओत आणि विकलो परगण्यातील पॉवर्सकोर्ट इस्टेटीच्या परिसरात झाले. रुंद पडदा आणि ईस्टमनकलर यांमुळे हिरवी कुरणे, ओढे आणि झाडी यांचा पुरेपूर उपयोग झाला. गर्दीची दृश्ये आणि भव्य किल्ले मात्र जेमतेमच दिसतात. खर्च आटोपशीर ठेवण्याचा हा हॅमरचा नेहमीचा मार्ग. द्वंद्वांची आखणी पॅट्रिक क्रीन यांची. ही तलवारबाजी बाराव्या शतकाची नव्हे. डग्लस फेअरबँक्स (१९२२) आणि एरल फ्लिन (१९३८) यांनी रूढ केलेल्या चित्रपटीय परंपरेची आहे.

फिशर आणि कुशिंग यांनी त्याआधी हॅमरसाठी फ्रँकेन्स्टाइन (१९५७) आणि ड्रॅक्युला (१९५८) यांवरील भयपट गाजवले होते. त्या मानाने फिशर यांचे काम इथे सौम्य आहे. कुशिंग यांचा शेरीफ थंड, हिशेबी आणि खलनायकांमध्ये सर्वांत जिवंत. तो रॉबिनच्या हातून मरत नाही. त्याला भोसकतो तो न्यूअर्कचा साथीदार मेल्टन. या भूमिकेतील तरुण ऑलिव्हर रीड यांचे नाव श्रेयनामावलीत नाही.

हॅमरने हा विषय आधी १९५४ मध्ये हाताळला होता (नायक डॉन टेलर). तो कंपनीचा पहिला रंगीत चित्रपट. १९६७ मध्ये बॅरी इंगम यांना घेऊन आणखी एक चित्रपट निघाला. त्यात फ्रायर टक झालेले जेम्स हेटर यांनी हीच भूमिका डिस्नेच्या १९५२ मधील चित्रपटातही केली होती.