पित्ताची गोळी आणि उंदराची आठवण

अंगावर पित्त उठलं, लाल गांध्या आल्या की घरातलं कुणीतरी अवीलची गोळी पुढे करतं. खाज थांबते, पण डोळ्यांवर झापडही येते. कारण खाज आणणारं हिस्टामिन हे रसायन मेंदूत जागं ठेवायचं काम करतं, आणि जुन्या पिढीच्या या गोळ्या मेंदूत शिरून तिथेही त्याला अडवतात. मेंदूत हिस्टामिन तयार करणाऱ्या पेशी अगदी थोड्या. माणसात साधारण ६४,०००, त्याही मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या मागच्या बाजूला एका पुंजक्यात. त्यांचे तंतू मात्र जवळजवळ साऱ्या मेंदूत पोचतात.

मग अशा औषधांनी स्मरणशक्तीचं काय होतं? उंदरांवरचे निकाल वाचताना आधी गोंधळायला होतं. हिस्टामिन अडवल्यावर शिकणं मंदावलं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं. पण गुंगीतला उंदीर वाट चुकला तर तो विसरला म्हणायचं की पेंगला? शिवाय यातली अनेक औषधं ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनालाही अडवतात, आणि स्मृतीसाठी तेही लागतं. त्यात जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या एका गटाने हिस्टामिनच्या पेशींचा तो पुंजकाच निकामी केला, तर काही चाचण्यांत उंदीर जास्त चांगले शिकले!

म्हणून मला जपानमधला २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग फार मोलाचा वाटतो. त्यातली चाचणी साधी आहे. उंदराला खोक्यात सोडायचं, आत दोन सारख्या वस्तू. तो मिशा हलवत दोन्ही हुंगतो, भोवती फिरतो. नंतर त्यातली एक वस्तू बदलून त्याला पुन्हा आत सोडायचं. जुनी लक्षात असेल तर तो नव्या वस्तूपाशीच जास्त रेंगाळतो. विसरला असेल तर दोन्हीकडे सारखाच वेळ देतो. या उंदरांची आठवण तीन दिवसांत पुसट व्हायची.

हा प्रयोग करणाऱ्या हिरोशी नोमुरा, युजी इकेगाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना थायोपेरामाइड नावाचं औषध दिलं. हिस्टामिनच्या पेशींवर एच-३ नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे हिस्टामिन ओळखणारा रेणू, असतो. हिस्टामिन पुरेसं झालं की तो ब्रेक लावतो. १९८३ साली पॅरिसमध्ये त्याचा शोध लागला. थायोपेरामाइड हा ब्रेकच सोडवतं, त्यामुळे हिस्टामिन वाढतं. पण खरी गोम वेळेत आहे. औषध शिकताना दिलं नव्हतं. उंदीर वस्तू विसरून गेल्यावर, दुसऱ्या चाचणीच्या आधी दिलं. आणि ते उंदीर जुनी वस्तू सोडून नव्या वस्तूकडे वळले. म्हणजे आठवण नष्ट झालीच नव्हती. होती तिथेच होती, हाती लागत नव्हती इतकंच.

हे कसं घडलं असेल? ओळखीच्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पेरीरायनल कॉर्टेक्स या मेंदूच्या भागात औषधानंतर पेशींची हालचाल वाढली. संशोधकांचा तर्क असा, की हिस्टामिन पेशींमध्ये थोडी सरसकट खळबळ माजवतं. पुसट आठवणीच्या पेशी उंबरठ्याच्या जरा अलीकडे अडकलेल्या असतात. त्या या धक्क्याने पलीकडे जातात.

याच गटाने ३८ निरोगी माणसांना बीटाहिस्टिन दिलं. आपल्याकडे चक्कर येणाऱ्याला डॉक्टर लिहून देतात, तेच औषध, पण नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या डोसमध्ये. काही दिवसांपूर्वी पाहिलेली चित्रं त्यांना ओळखायची होती. ज्यांना एरवी कमी ओळखता येत होती, त्यांना जास्त ओळखता आली. ज्यांची ओळख मुळात पक्की होती, त्यांची मात्र बिघडली! खळबळीचा तर्क इथेही बसतो. स्पष्ट आवाजात खरखर मिसळली, तर ऐकू येणारंही बिघडतं. परीक्षेच्या सकाळी कुणी ही गोळी घ्यायचा विचार करत असेल, तर त्याने आधी हा निकाल वाचावा.

ब्रेक सोडवणारं दुसरं एक औषध, पिटोलिसंट, आज नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा आवरता न येणाऱ्या झोपेच्या रुग्णांना देतात. अल्झायमरवर मात्र या जातीची काही औषधं रुग्णांत तपासली, तेव्हा उंदरांनी दाखवलेली आशा खरी ठरली नाही. त्या आजारात पेशीच मरत जातात. आठवण साठवणारी पेशीच उरली नसेल, तर हिस्टामिन धक्का देणार कुणाला?