आधी उतरणं, मग उडी

जूनमध्ये पावसानं जोर धरला की गोव्यातल्या वाड्यावाड्यांवरचं व्हॉलीबॉल बंद पडतं. भात कापल्यावर शेतात आखलेली कोर्टं तर तोवर चिखलात गेलेली असतात. मग शाळकरी पोरं हॉलमध्ये, नाहीतर एखाद्या व्हरांड्यात जमतात आणि उड्या सुरू होतात. रचलेल्या चिऱ्यांवरून खाली, खालून लगेच वर. याला ‘प्लायोमेट्रिक’ म्हणतात, हे आता नववीतल्या स्मॅशरलाही ठाऊक असतं. मोबाइलची कृपा.

ही पद्धत जन्मली तीही अशाच अडचणीतून, फक्त पावसाच्या जागी बर्फ होता. 1950 च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोत युरी वेर्खोशान्स्की तिहेरी उडीचे खेळाडू घडवत होते. हिवाळ्यात मैदान मिळेना, म्हणून आत भागवायचं. खांद्यावर जड बारबेल घेऊन बैठका मारल्या तर कंबर कुरकुरायची. तिहेरी उडीत पाय जमिनीला क्षणभरच टेकतो, पण त्या क्षणी त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो भार वजनं न उचलता कसा द्यायचा? त्यांचं उत्तर सोपं होतं: उंचावरून खाली यायचं आणि टेकताक्षणी वर उसळायचं. उतरताना स्नायू आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात, त्या ताणाचा जोर पुढच्या उडीत मिळतो. जमिनीवर रेंगाळलात की तो विरतो. सारी मेख त्या निमिषात आहे.

वेर्खोशान्स्कींनी याला नाव दिलं ‘आघात पद्धत’. नावच सांगतं की हे पोरांसाठी नव्हतं. त्यांनी सुचवलेल्या उंची 75 आणि 110 सेंटीमीटर, त्याही अनेक वर्षं ताकदीचा सराव केलेल्या प्रौढांसाठी.

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत धावपटू वालेरी बोर्झोव्हनं 100 आणि 200 मीटर दोन्ही जिंकल्या आणि सोव्हिएत सराव-पद्धतींबद्दल पाश्चात्त्यांचं कुतूहल चाळवलं. ‘प्लायोमेट्रिक्स’ हा शब्द 1975 चा. तो अमेरिकेच्या फ्रेड विल्ट यांचा, आणि ते स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू! ‘आघात’ गेला, गुळगुळीत ग्रीक वळणाचं नाव आलं. माझ्या मते त्या नावाबरोबर धास्तीही गेली.

व्हॉलीबॉलला हे लागू पडणारच होतं. पुरुषांचं नेट 2.43 मीटर, महिलांचं 2.24, स्मॅश असो वा ब्लॉक, सगळा खेळ त्याच्या वर. पण जितक्या उड्या, तितकंच उतरणं. वारंवार उड्या मारणाऱ्यांच्या गुडघेदुखीला ‘जंपर्स नी’ हे नाव 1973 मध्ये मिळालं. वाढत्या वयात गुडघ्याखालचं हाड दुखतं, त्या ऑस्गुड-श्लॅटर विकाराची नोंद तर 1903 चीच. म्हणून बराच काळ दंडक असा, की स्वतःच्या वजनाच्या दीडपट वजन घेऊन बैठक जमल्याशिवाय असल्या उड्या नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीला हे कसं जमणार?

वळण आलं ते शाळकरी व्हॉलीबॉलपटू मुलींमुळेच. 1996 मध्ये संशोधक टिमोथी हेवेट आणि सहकाऱ्यांनी त्यांच्याकडून 6 आठवडे उड्यांचा सराव करून घेतला, पण भर दिला तो नीट उतरण्यावर: गुडघे आत वळू न देणं, आवाज न करता टेकणं. उडी सुमारे 10 टक्के वाढली. ब्लॉकनंतर उतरतानाचा कमाल धक्का 22 टक्के घटला. पुढे 2009 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशननं मुलांसाठीही अशा सरावाला मान्यता दिली, मात्र जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि पायरीपायरीनं.

तशी लंगडी आणि ठिकरी खेळलेल्या पिढीनं यातली पहिली पायरी अंगणातच चढली होती, तीही मातीवर. आताच्या पोरांच्या वाट्याला पावसाळ्यात हॉलची टणक फरशी येते आणि मोबाइलवर दिसतो तो मॉस्कोचा प्रौढ माणूस. सुरुवातीला आडवा ठेवलेला एक चिरा पुरतो, दोन सरावांमध्ये दोन-तीन दिवसांची विश्रांती हवी. पण एका चिऱ्यावरून उतरणाऱ्याकडे कोण बघतो? चार रचले की व्हिडिओ काढणारे जमतात.